मापवहीतली कंबर

शहाड स्टेशनातून बाहेर पडून कॅम्प नंबर एककडे निघालं, की ज्या गल्लीत आमचा शिंपी बसायचा ती गल्ली आता पटकन ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना तयार कपड्यांची दुकानं झाली आहेत. उल्हासनगरचं नाव जीन्सच्या धंद्यात मोठं. पण जिथे गावोगावच्या कमरांसाठी ढिगाने पँटी शिवल्या जातात, तिथेच माप घेऊन शिवणाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या शिंप्याने दुकान आवरायचं ठरवलं. त्याचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आलेले. कल्याणच्या लष्करी छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, त्याच सुमारास त्यांनी बराकीच्या ओट्यावर मशीन मांडलं होतं. मी निरोप घ्यायला गेलो तर त्याने माळ्यावरून जुन्या मापवह्या खाली काढल्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, पानापानाला टाचणीने लावलेले कापडाचे तुकडे. म्हणाला, "साहब, रद्दी में देने से अच्छा, अपने पन्ने आप ले जाओ."

अशी वडिलांची आणि माझी कंबर मी घरी घेऊन आलो.

वडील या पट्ट्यातल्याच एका कारखान्यात कामगार होते. सेंच्युरी रेयॉन १९५६ साली सुरू झाली, पलीकडे मोहोन्याला एनआरसी होती, आणि त्या काळी शहाड-आंबिवलीच्या घराघरांतून कुणी ना कुणी भोंग्यावर घड्याळ लावणारा असे. वर्षाला गणवेशाचं खाकी कापड मिळायचं, ते शिवून घ्यायचं. त्यामुळे वडिलांचं माप दरसाल वहीत चढलेलं आहे. १९६२ साली कंबर सत्तावीस इंच. १९९६ साली, निवृत्तीच्या वर्षी, तीस. चौतीस वर्षांत तीन इंच. माझी पहिली नोंद १९८८ची, मुंबईच्या कचेरीत लागलो तेव्हाची : अठ्ठावीस. मग १९९६ला बत्तीस, २००३ला छत्तीस आणि २०१२ला एकोणचाळीस. चोवीस वर्षांत अकरा इंच! त्यानंतर मी शिवून घेणंच सोडलं. तयार पँट घ्यायला लागलो, कारण तिच्या पट्ट्यात ताणली जाणारी दोरी असते आणि ती कुणापाशी काही बोलत नाही.

हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. पूर्वी कपडा माणसाला सांगायचा. काचायला लागला, बटण तुटलं, शिंप्याने मान हलवून शिवण उसवली, की चार लोकांत बातमी होई. लायक्राचा धागा अमेरिकेत १९५८ साली निघाला आणि आता तो आपल्या जीन्समध्येही आला. बायकांच्या गाऊनने तर त्याच्या आधीच ते काम केलं होतं. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच घोळ. त्यात पाच किलो वाढले काय आणि पंधरा वाढले काय, कळणार कुणाला?

आता ही दोन पानं समोर ठेवून सरळ हिशेब करायचा, तर निष्कर्ष असा निघेल की मी वडिलांपेक्षा जास्त खाल्लं. आमच्या घरी हा निष्कर्ष कुणालाच पटणार नाही. वडिलांचा डबा चार भाकऱ्यांचा असे, ज्वारीच्या, तळहातापेक्षा मोठ्या. सोबत भाजी, कांदा, ठेचा. दुसऱ्या पाळीहून आले की पुन्हा भाताचा डोंगर. ते जेवायला बसले की आई टोपलं जवळ घेऊनच बसायची. मी आयुष्यात एका बैठकीला तीनच्या वर पोळ्या खाल्लेल्या नाहीत. तरीही त्यांची कंबर तीस आणि माझी एकोणचाळीस.

शिंप्याच्या वहीवरून आरोग्याचा माग काढणारा मी काही पहिला नव्हे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली होती. एकाच खात्यातली ही माणसं; एक दिवसभर बसून, दुसरा जिने चढून-उतरून तिकिटं फाडणारा. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. पुढे १९५६ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापंच तपासायला घेतली. चालकांच्या विजारी वाहकांपेक्षा कमरेला मोठ्या होत्या. मुळात जाडसर माणसंच बसून करायचं काम पत्करत असतील, अशी शंका त्यावर घेता येते, आणि ती रास्तही आहे. पण त्याच वर्षी आपल्या देशातून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि माझ्यासारख्या गिरणगावच्या माणसाला तो अधिक जवळचा वाटतो. जीन मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या दोनशे तेरा पुरुषांचं खाणं, वजन आणि काम ताडून पाहिलं. ओझी वाहणारे हमाल भरपूर खात होते आणि सडपातळ होते. त्यांच्यापेक्षा हलकं काम करणारे थोडं कमी खात, तेही सडपातळ. पण दिवसभर बैठक मारणारे कारकून, दुकानदार, देखरेख्ये? त्यांचं काम सगळ्यांत कमी आणि खाणं मात्र कमी न होता उलट वाढलेलं. वजनही त्यांचंच जास्त. शरीराला काहीएक हालचाल असेल तोवर भूक आणि श्रम यांची जोडी जमते; हालचाल त्याखाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. मी तो लेख वाचला तेव्हा आपलं पान कुणीतरी १९५६ सालीच लिहून ठेवलं होतं, असं वाटलं.

माझं काम खुर्चीवरचं. शहाडहून मुंबईला जायचं म्हणजे पन्नासाहून अधिक किलोमीटर, एका दिशेने. कसारा लाइनला गाड्या कमी. एक चुकली की कल्याणला उतरून पुन्हा धक्काबुक्की. घरातून सव्वासहाला निघायचं आणि रात्री साडेआठला यायचं, अशी मी बत्तीस वर्षं काढली. गाडीत उभं राहण्याला व्यायाम म्हणत असतील तर तो मी भरपूर केला. सकाळी उपाशीपोटी चहा, कचेरीत दहा वाजता चहा-बिस्कीट, डबा, चारला कुणाच्या तरी वाढदिवसाचा सामोसा, आणि सहाच्या गाडीआधी स्टेशनबाहेर वडापाव. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर जन्माला आला असं सांगतात. माझाही जन्म त्याच सालचा. तेव्हा आम्ही दोघं बरोबरीने वाढलो. त्याची बाजू अशी, की सहा वाजता भूक लागलेल्या आणि नऊला ताट दिसणार असलेल्या माणसाला मुंबई शहराने दुसरं स्वस्त काही देऊ केलेलं नव्हतं.

मग यायचं तेल. आमच्या लहानपणी 'तळण काढणं' हा घरातला एक प्रसंग होता. दिवाळी, डोहाळजेवण, नागपंचमीच्या आगेमागे कधीतरी. एरवी आई पळीच्या टोकाने तेल सोडायची आणि बाटली दिव्यासमोर धरून बघायची, महिनाअखेरपर्यंत पुरेल का. रेशनवर पामतेल यायचं, त्यालाही रांग. आयात पामोलिन १९९४ साली व्यापाऱ्यांना खुलं झालं, आणि पुढच्या वर्षांत ते देशाच्या कढईत असं मुरलं की आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. तेल स्वस्त झालं की पहिल्यांदा ते घरात वाढत नाही, बाजारात वाढतं. शहाड स्टेशनच्या पुलाखालून घरापर्यंतच्या वाटेवर मी एकदा मोजले : वडे, भजी, चायनीज, फ्रँकी, दाल-पकवान, वेफर्स धरून तळणाचे एकोणीस ठेले आणि दुकानं. फळांच्या गाड्या तीन. किराणा दुकानाच्या दारात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात, बरोबर सहा वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. पंतप्रधानांनी २०२५ साली लोकांना तेल दहा टक्के कमी खायचं आवाहन केलं. घरातली पळी आम्ही कमी करू. पण ठेल्यावरची कढई कोणाच्या पळीने चालते, हे कुणी सांगत नाही.

या पाकिटांविषयी अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना चार आठवडे एका संस्थेत ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, पाकिटबंद पद्धतीचं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती वळणाचं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू तोलून सारखेच मांडलेले. पोटभर खा, एवढीच सूचना. पाकिटबंद आठवड्यांत त्याच माणसांनी रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढले. दुसऱ्या आठवड्यांत तेवढेच उतरले. माणसं तीच, त्यांचा मनोनिग्रह तोच. ताट बदललं.

इथे माझ्याच मांडणीला छेद देणारी एक गोष्टही सांगायला हवी. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीचा अभ्यास हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. दिवसभर रानोमाळ चालणारी ही माणसं शहरी माणसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा जाळत असतील असा अंदाज होता. शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर फरक जवळजवळ सापडलाच नाही. शरीर एकीकडे खर्च झालं की दुसरीकडे काटकसर करतं, असं ते मानतात. म्हणजे 'सकाळी अर्धा तास चाला, पोट जाईल' हा आपला आवडता सल्ला तेवढ्यावर खरा नाही. चालावं, हृदयासाठी आणि साखरेसाठी चालावंच. पण चालायचं कुठे? कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या ट्रकांमधून? घर ते स्टेशन पंधरा मिनिटांची वाट मी वडिलांबरोबर लहानपणी चालत असे. आज तिथे पाय टाकायला कड उरलेली नाही, म्हणून मी शेअर रिक्षात चौथा बसतो.

एक कारण मात्र माझ्याही जन्माआधीचं आहे, आणि ते ऐकून मला डॉक्टरांच्या खुर्चीत आईची आठवण आली होती. कचेरीतल्या तपासणी शिबिरात २००९ साली मला मधुमेह निघाला, तेव्हा माझं वजन अगदी काही फार नव्हतं. हातपाय काटकुळे आणि मध्ये पोट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अशा देहाचा अर्थ जगाला सांगितला. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्यांना दिसलं, की आपली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५, पण त्या इवल्या देहात स्नायू कमी असले तरी चरबी मात्र राखलेली. उपाशी आईच्या पोटात बाळ पुढच्या दुष्काळाची तजवीज करून येतं, असं काहीसं. मी १९६६चा. दुष्काळाची वर्षं, रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू. आई सगळ्यांच्या मागून जेवायची आणि टोपल्यात जे उरेल ते खायची. त्या तजविजीचा मी, आणि पुढे वाट्याला आला वडापावचा सुकाळ. दुष्काळ आलाच नाही. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३च्या वर गेला की जादा वजन आणि २५ला लठ्ठपणा धरावा, असं आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ठरवलं; गोऱ्या माणसाच्या तक्त्यात आपण 'ठीक' दिसतो आणि आत साखर वाढलेली असते.

आकडे थोडेच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जादा वजनाच्या स्त्रियांचं प्रमाण २००५-०६ला १२.६ टक्के होतं, २०१५-१६ला २०.६ झालं, २०१९-२१ला २४. शहरांत तर तीनातली एक बाई. आणि याच शेवटच्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा जव्हार ठाण्यात होता, १९९२ साली वावर-वांगणीची बाळं कुपोषणाने गेली, ते वर्तमानपत्रात वाचताना मी बत्तीसच्या कमरेकडे निघालो होतो. एक जिल्हा दोन टोकांनी जळत होता, आणि आम्ही त्यातल्या एका टोकाला 'सुबत्ता' म्हणत होतो.

माझं पोट सुटलं तेव्हा कुणी मला टोचून बोललं नाही. "प्रमोशन अंगी लागलं वाटतं," म्हणाले. खात्यापित्या घरचा माणूस! बाईच्या बाबतीत हे औदार्य कुठे जातं कोण जाणे. माझी मुलगी ऐरोलीला एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. संध्याकाळी पाचला गाडी येते, पहाटे तीनला परत सोडते. रात्री बाराच्या सुट्टीत जे मोबाइलवरून मागवता येईल ते खायचं, पहाटे झोपायचं, आणि सकाळी आठला शेजारच्या बांधकामाचा ड्रिल सुरू झाला की उठायचं. चार वर्षांत तिचं वजन सतरा किलोंनी वाढलं. डोंबिवलीचं एक स्थळ २०२३ साली येऊन गेलं. मध्यस्थांनी फोनवर सांगितलं, "बाकी सगळं छान आहे हो, मुलगी अंगाने जरा..." त्या रात्री ताटावर मी तिला म्हणालो, "तोंडावर जरा ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती." एकोणचाळीसच्या कमरेचा बाप हे म्हणाला. ती ताट सारून उठली. अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा फक्त गॅसच्या नंबराबद्दल.

झोपेचं मला नंतर कळलं. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. तृप्ती सांगणारं लेप्टिन अठरा टक्के घटलं, भूक सांगणारं घ्रेलिन अठ्ठावीस टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थांचीच वासना होऊ लागली. दोन रात्रींत! माझ्या पोरीच्या हजारभर झाल्या होत्या. वडीलही रात्रपाळी करायचे, हे खरं. पण रात्री दोनला त्यांना कँटीनमध्ये चहा मिळे, आणि पाळी आठवड्याने पालटे, आणि घरी आले की आई आम्हाला ओरडून गप्प बसवी : बाबा झोपलेत. मुलीच्या झोपेसाठी आम्ही टीव्हीचा आवाजही कधी कमी केला नव्हता.

आईच्या कष्टांचं गुणगान मात्र मी करणार नाही. पाटा-वरवंटा, बंबाची लाकडं, नळावरून हंडे आणि बादलीभर धुणं यांनी ती सडपातळ राहिली आणि पन्नाशीतच पाठीतून वाकली. "मिक्सर आला आणि बायका जाड झाल्या" असं म्हणणारे पुरुष वाटणाला कधी बसलेले नसतात. उपासाचंही तेच. आषाढीला आमच्या शहाडच्या बिर्ला मंदिरात विठोबाच्या दर्शनाला रांगा लागतात आणि घरोघर साबुदाणा, शेंगदाणे, रताळ्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही आजची नाही. जास्त खाणं जुनंच आहे. ते वर्षातून काही दिवस होतं, एवढाच फरक.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ साली आपल्याकडे विकायला आली. त्यांचा गुण येतो असं दिसतं, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावीत; त्यात लाज कसली? मला त्यांचं एक विशेष वाटतं. सुई टोचल्यावर भूक ओसरते, तर मग भूक हा इतके दिवस चारित्र्याचा प्रश्न कसा होता?

मापवहीची पानं घेऊन आलो त्या रविवारी मुलगी घरी होती. तिने दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली, बोट फिरवत. "आजोबांची तीस?" म्हणाली. मग माझी नोंद वाचली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी. मी तेव्हा तिची माफी मागितली. नीट जमलं नाही; मधेच हिने चहा आणला. आजीचं माप कुठाय, असं तिने विचारलं. ते वहीत नव्हतं. आईचं पोलकं घरीच शिवलं जाई, जुन्या पोलक्यावरून बेतून.

मी आता निवृत्त आहे, आणि दुपारी चारला तिचा डबा भरणं हे माझं काम झालं आहे. बेडरूमच्या खिडकीला जाड पडदा लावला, टीव्ही सकाळी बंद असतो. तिच्या पाळीचं काही करता येत नाही. कर्जाचे हप्ते आहेत. वजन दोन किलो उतरलं, मग एक चढलं. काल डबा अर्धा परत आला. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये भाकरी वातड होते म्हणाली. आज पोळ्या दिल्या आहेत.